न तुटलेला पट्टा

जी वस्तू अजून मोडलेली नाही ती टाकून द्यावी काय? आमच्या कोरडवाहू मुलखात याचे उत्तर ठरलेले आहे. दोर झिजेपर्यंत वापरावा, तुटला तर गाठ मारून पुन्हा वापरावा. ही काटकसर गरिबीने शिकवली आहे आणि तिला हसण्याचा अधिकार कोणालाच नाही. परंतु मोटारीच्या इंजिनातील टायमिंग बेल्ट हा न्याय जुमानत नाही.

खालचा क्रँक दोन फेरे फिरला की वरचा कॅम एक फेरा फिरतो आणि व्हॉल्व्ह नेमक्या क्षणी उघडतात, मिटतात. हा ताल राखतो एक दातेरी रबरी पट्टा. जर्मनीतील हान्स ग्लास कंपनीने १९६२ साली आपल्या १००४ या मोटारीत साखळीऐवजी तो बसवला. पुढे तो जगभर रूढ झाला. तो हलका आणि मुका. झिजलेली साखळी कुरकुरते. पट्टा बहुधा न सांगताच तुटतो. मग डिझेल गाडीत वर येणारे पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळते, व्हॉल्व्ह वाकतात आणि चालती गाडी बंद पडते. म्हणून त्याचे आयुष्य किलोमीटरांत आणि वर्षांतही सांगतात. गाडी उभी असली तरी रबर म्हातारे होतच असते.

देवगाव फाट्यावर अशाच एका भाड्याच्या गाडीचे इंजिन उघडलेले मी पाहिले. मिस्त्री म्हणाला, पट्ट्याबरोबर टेन्शनर आणि त्याच पट्ट्यावर फिरणारा पाण्याचा पंपही बदला.

"उस्ताद, पंप तर चांगला हाय की!"

"आज चांगला आहे, दादा. उद्या गळाला तर हे सगळं पुन्हा खोलावं लागंल. मजुरी दोनदा कशाला देता?"

प्रामाणिक माणूस हेच बोलेल आणि लोभी माणूसही हेच बोलेल. पट्टा बदलला व काही घडले नाही, तर सल्ला खरा होता हे कधीच सिद्ध होत नाही. जे टळले त्याला साक्षीदार नसतो. आम्हा शिक्षकांचेही तसेच. वाया न गेलेला मुलगा कोणामुळे वाचला हे कोण सांगणार? मग विश्वास कशावर ठेवावा? मला वाटते, जो स्वतःला तपासू देतो त्याच्यावर. या मिस्त्रीने जुना पट्टा उलटा वाकवून त्याच्या भेगा दाखवल्या, आणि क्लचला मात्र हात लावू नका, अजून वर्षभर चालेल, असेही सांगितले. काय बदलू नये हे सांगणाऱ्याचे, काय बदलावे हेही ऐकावे.

तरीही मालकाची अडचण खोटी नव्हती. पट्ट्याचे पैसे म्हणजे पोराची फी. गाडी उभी ठेवावी तर चूल विझते. दूरदृष्टी हा काय पैसेवाल्यांचाच सद्गुण? गाडीत तो एकटाच बसणार असता तर मी गप्प राहिलो असतो. स्वतःचा धोका ज्याने त्याने तोलावा. परंतु मागे सेलूच्या बाजाराला निघालेली आठ माणसे बसतात. इंजिन बंद पडले की ब्रेकचे पेडल जड होते, हे त्यांना ठाऊक नाही. त्यांना कोणी विचारलेलेही नाही. काटकसरीचा भार आपल्याच खांद्यावर असतो तोवर ती काटकसर. तो न विचारता दुसऱ्याच्या खांद्यावर गेला की तिला निराळे नाव द्यावे लागते, आणि गरिबीमुळे ते नाव बदलत नाही.