दुखऱ्या घशामागचा जंतू

घसा दुखू लागला आणि ताप आला की औषधाच्या दुकानातून अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या आणण्याची सवय घरोघरी आहे. मला ती घातक वाटते, कारण घसा कशाने दुखतो हा प्रश्नच ती पुसून टाकते. बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते. तिथे या गोळ्या निरुपयोगी. मुलांमध्ये मात्र साधारण २० ते ३० टक्के वेळा स्ट्रेप्टोकॉकस पायोजिनस हा जंतू असतो. त्याने धरलेला घसा आपोआपही बरा होतो, आणि फसगत होते ती इथेच. दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांचे सांधे सुजतात. जंतूविरुद्ध उठलेली शरीराची प्रतिकारशक्ती हृदयावरच उलटते आणि झडपा कायमच्या अधू होऊ शकतात. ऱ्हुमॅटिक ताप तो हाच.

जंतू ओळखण्याची विद्या जुनी आहे. रक्त घातलेल्या आगर या जेलीसारख्या माध्यमावर तो वाढला की भोवतालच्या तांबड्या पेशी फुटून स्वच्छ कडे दिसते. १९३३ मध्ये रिबेका लान्सफील्ड यांनी अशा जंतूंचे गट पाडले. हा ‘अ’ गटातला. घशात फिरवलेला बोळा तपासून अहवाल यायला एक-दोन दिवस लागतात. तेवढे थांबणे धोक्याचे नाही का? नाही. दुखणे सुरू झाल्यापासून नऊ दिवसांत पेनिसिलिन सुरू केले तरी ऱ्हुमॅटिक ताप टळतो.

मग सगळ्यांनाच पेनिसिलिन का देऊ नये, त्याला तर हा जंतू अजून दाद देतो? खरे आहे, पण दुकानातून मिळते ते बहुधा दुसरेच औषध, आणि त्याला न जुमानणारे स्ट्रेप्टोकॉकस अनेक देशांत आढळले आहेत. शिवाय निदान ठाऊक नसले की घसा निवळताच गोळ्या थांबतात; तोंडाने घ्यायचे पेनिसिलिन दहा दिवस लागते.

प्रयोगशाळा नाही तिथे काय, हा आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे. ताप, टॉन्सिलवर पू, मानेत दुखऱ्या गाठी आणि खोकला नसणे ही लक्षणे एकत्र दिसली, तर ऱ्हुमॅटिक ताप आढळणाऱ्या भागात डॉक्टरांनी अहवालाविना पेनिसिलिन द्यावे, तीही ओळखच. उलट, लक्षणे नसलेल्या मुलाचा घसा तपासू नये, कारण काही निरोगी मुलांच्या घशातही हा जंतू मुक्कामाला असतो. ओळख चुकली तर किंमत फार उशिरा कळते: झडप बिघडल्याचे कित्येक बायकांना गरोदरपणात धाप लागल्यावरच पहिल्यांदा समजते.