नवें सोवळें

अन्नाच्या शुद्धाशुद्धतेचा विचार आपल्या समाजास नवा नाहीं. कोणाच्या हातचें खावें, कोणाच्या घरचें पाणी चालतें, स्वयंपाक करतांना अंगावर कोणतें वस्त्र असावें, याविषयींचे आपले नियम एके काळीं इतके सूक्ष्म होते कीं, त्यांच्या पालनांतच पुष्कळांचा अर्धा दिवस जात असे. त्या शुद्धतेचा संबंध अन्नापेक्षां मनुष्याच्या जातीशीं अधिक होता, म्हणून सुधारकांनीं तिच्यावर केलेले प्रहार योग्यच होते. त्या सोवळ्याचा बडेजाव आतां बराच ओसरला आहे. परंतु गेल्या कांहीं वर्षांत सुशिक्षित वर्गांत अन्नशुद्धीची एक निराळी चिंता उत्पन्न झाली आहे. मुलांच्या ताटांतील भाजी, फळ व धान्य यांवर कीटकनाशकांचा अंश असतो, तो त्यांच्या पोटांत जाऊं नये, यासाठीं शक्य तेथें सेंद्रिय अन्नच घ्यावें, असें आईबापांस वाटूं लागलें आहे. या इच्छेंत धर्म किती व सोवळें किती, हें पाहण्याचा येथें विचार आहे.

प्रथम ही चिंता साधार आहे कीं नाहीं, हें पाहिलें पाहिजे. लहान मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ मनुष्य नव्हे. वजनाच्या मानानें तें प्रौढापेक्षां अधिक खातें, अधिक पाणी पितें व अधिक श्वास घेतें. त्याचा मेंदू अद्याप घडत असतो. आणि कित्येक विषांचें विघटन करण्याची शरीराची शक्ति बाल्यांत अपुरी असते. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरिफॉस हीं ऑर्गनोफॉस्फेट वर्गांतील द्रव्यें किडीच्या मज्जासंस्थेंतील ज्या विकराचें कार्य बंद पाडतात, तोच विकर मनुष्याच्या मज्जासंस्थेंतहि आहे. तेव्हां कीड आणि मूल यांच्यामध्यें जो भेद राहतो, तो मुख्यतः मात्रेचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनें १९९३ सालीं मुलांच्या आहारांतील कीटकनाशकांविषयीं अहवाल प्रसिद्ध केला, आणि १९९६ सालच्या कायद्यानें तेथें मुलांसाठीं सुरक्षिततेची मर्यादा सामान्यतः आणखी दसपट कडक धरण्याचें ठरलें. सिअ‍ॅटल भागांतील २३ शाळकरी मुलांवर केलेला एक प्रयोग २००६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत पांच दिवस सेंद्रिय अन्न देतांच मुलांच्या लघवींतील मॅलॅथिऑन व क्लोरपायरिफॉस यांच्या खुणा जवळजवळ नाहींशा झाल्या, आणि नेहमींचें अन्न सुरू होतांच त्या पुनः दिसूं लागल्या.

शरीरांत जाणारें विष सेंद्रिय अन्नानें कमी होतें, एवढें यावरून सिद्ध होतें. त्यानें मूल किती अधिक निरोगी होतें, हें मात्र तितकें स्पष्ट झालेलें नाहीं. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें २०१२ सालीं हा फरक प्रामाणिकपणें नमूद केला आहे. म्हणून महाग फळ परवडत नाहीं या कारणास्तव मुलास फळच न देणें, हा शहाणपणा होणार नाहीं. परंतु पूर्ण पुरावा हातीं येईपर्यंत आईबापांनीं स्वस्थ बसावें, असेंहि कोणी म्हणूं नये. संशयाच्या जागीं मुलाच्या बाजूनें निर्णय घेणें, हा पालकत्वाचा पहिला नियम आहे. येथपर्यंत या इच्छेंत केवळ धर्मच आहे.

अडचण पुढें येते, आणि ती आमच्या भागांत चांगली दिसते. वरूड-मोर्शीचा हा प्रदेश संत्र्यांचा. येथें कीटकनाशकास कोणी विष म्हणत नाहीं, ‘औषध’ म्हणतात. ‘औषध आणलें’, ‘औषध मारलें’, हे रोजच्या बोलण्यांतले शब्द आहेत. झाडाच्या दृष्टीनें ते अगदीं खोटेहि नाहींत. काळ्या माशीमुळें पानांवर कोळशी चढली, कीं बगीचाच्या बगीचा काळवंडतो व फळांस भाव येत नाहीं. अशा वेळीं मृगाचा किंवा आंबियाचा बहार हातचा जाऊं नये म्हणून जो फवारणीचा पंप बाहेर काढतो, त्यास दोष देणें सोपें आहे. त्याचें कर्ज फेडणें सोपें नाहीं. तथापि ज्यास आपण औषध म्हणतों, त्याच्या डब्यावर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालील नियमांप्रमाणें विषाची तीव्रता दाखविणारी लाल, पिवळी, निळी किंवा हिरवी खूण असते. नांव बदलल्यानें भीति गेली, गुण गेला नाहीं.

आणि हा गुण शेतकऱ्यास ठाऊक असतो. वावराच्या धुऱ्याला लागून घरच्यापुरती भाजी वेगळी लावावी व तिच्यावर फवारा मारूं नये, असें करणारे शेतकरी विरळा नाहींत. विचारलें तर तो सरळ सांगतो, ‘हे घरी खायाची हाये.’ शहरांतला गृहस्थ हें ऐकून त्यास अप्रामाणिक म्हणेल. परंतु जास्त किंमत देऊन आपल्या मुलापुरतें निर्विष अन्न आणणारा, आणि बाकीच्या जगाविषयीं उदासीन राहणारा तो गृहस्थ याहून निराळें काय करीत असतो? त्यानेंहि घरासाठीं दोन सऱ्या वेगळ्या राखलेल्या आहेत. त्या विकत घेतलेल्या आहेत, इतकेंच.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. संत्रें आपण सोलून खातों, त्यामुळें वरचा अंश बराचसा सालीबरोबर जातो. कांहीं आंतरप्रवाही द्रव्यें गरापर्यंतहि पोंचतात, हें खरें. तरी खाणाऱ्याच्या वांट्यास जें येतें, तें फवारणाऱ्याच्या वांट्याच्या मानानें थोडें असतें. पाठीवर पंप घेऊन जो तासामागून तास चालतो, त्याच्या अंगावर फवारा उलट येतो. त्याचे कपडे घरीं इतर कपड्यांबरोबर धुतले जातात. त्याचें मूल बांधावर खेळतें. आणि रिकामा डबा कधीं कधीं घरांत साठवणीस लागतो. सन २०१७ च्या पावसाळ्यांत शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, आणि शेंकडों रुग्णालयांत दाखल झाले. त्याच्या चारच वर्षें आधीं, १६ जुलै २०१३ रोजीं, बिहारांतील सारण जिल्ह्याच्या गंडामन गांवीं शाळेंतलें दुपारचें जेवण जेवून २३ मुलें मरण पावलीं; त्या अन्नांत मोनोक्रोटोफॉस असल्याचें तपासणींत आढळलें. या दोन्ही प्रसंगीं बळी पडलेल्यांपैकीं कोणाच्याहि घरीं सेंद्रिय अन्नाची चर्चा चालत नसावी. मुलांस कीटकनाशकांपासून वांचवावयाचें, हा हेतु खरा असेल, तर ज्या मुलांस धोका सर्वांत अधिक, त्यांच्यापासून आरंभ व्हावयास हवा. प्रत्यक्षांत तो ज्यांस धोका सर्वांत कमी, त्यांच्यापासून होतो.

सोवळें आणि शुचिता यांतील अंतर नेमकें हेंच आहे. सोवळें विचारतें, मला काय शिवलें? शुचिता विचारते, माझ्यामुळें कोणास काय शिवलें? पहिल्या प्रश्नाचें उत्तर स्वतःच्या उंबरठ्याच्या आंत मिळतें. दुसऱ्याचें वावरांत जाऊन शोधावें लागतें.

यावर असें म्हणतां येईल कीं, सेंद्रिय अन्न घेणारा कोणाचें कांहीं बिघडवीत नाहीं; उलट तितक्या एकरांवरची फवारणी तो थांबवितो. हा आक्षेप रास्त आहे, आणि त्यांतच या व्यवहाराचा खरा नैतिक आधार आहे. मात्र त्यानें दिलेली वाढीव किंमत वावरापर्यंत पोंचली पाहिजे. भारताच्या सेंद्रिय प्रमाणनाच्या नियमांत संत्र्यासारख्या बहुवर्षायु झाडांस रूपांतरासाठीं तीन वर्षें लागतात. त्या काळांत उत्पन्न घटण्याची भीति असते, आणि माल ‘सेंद्रिय’ म्हणून विकतांहि येत नाहीं. शेतकऱ्याच्या या तीन वर्षांचा भार कोणी उचलावयाचा, हा खरा प्रश्न आहे. निव्वळ हुकुमानें तो सुटत नाहीं. श्रीलंकेनें एप्रिल २०२१ मध्यें रासायनिक खतें व कीटकनाशकें यांची आयात एकाएकीं बंद केली, पिकें बुडूं लागलीं, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत तो हुकूम मागें घ्यावा लागला. उलट सिक्कीमनें वर्षानुवर्षें तयारी करून २०१६ सालीं संपूर्ण सेंद्रिय राज्य ही पदवी मिळविली. नैसर्गिक शेतीचा पुरस्कार करणारे सुभाष पाळेकर आमच्याच अमरावती जिल्ह्याचे. त्यांना २०१६ सालीं पद्मश्री मिळाली. त्यांच्या पद्धतीच्या उत्पन्नाविषयीं तज्ज्ञांत मतभेद आहेत. परंतु शेतकऱ्यानें दुकानाच्या उधारींतून सुटावें, ही त्यांची मूळ तळमळ कोणासहि नाकारतां येणार नाहीं.

मग सामान्य पालकानें करावें काय? ऐपत असेल त्यानें सेंद्रिय अन्न अवश्य घ्यावें. परंतु तें कोणाच्या वावरांतून येतें हें विचारावें, आणि रूपांतराच्या वर्षांतल्या मालासहि नीट किंमत द्यावी. ऐपत नसेल त्यानें भाजी व फळें वाहत्या पाण्यानें स्वच्छ धुवावीं, आणि मुलांस तीं पोटभर द्यावीं. दोघांनींहि, फवारणी व तोडणी यांमधील मुदत पाळली जावी, तीव्र विषें बाजारांतून जावीं, मजुरास हातमोजे व तोंडास आच्छादन मिळावें, यासाठीं आग्रह धरावा. आणि गांवांत थोडें जरी निर्विष धान्य व भाजी पिकत असेल, तरी त्याचा पहिला वांटा अंगणवाडीच्या व शाळेच्या चुलीस मिळावा. तेथें फवारणाऱ्याचें मूल व बागाइतदाराचें मूल एकाच पंक्तींत बसतें, आणि त्या पंक्तींत कोणाचेंहि ताट वेगळें राखलेलें नसतें.