पाट्याला पाटा?

वरळीतल्या अत्याचाराचा निषेध करत पँथरचा मोर्चा १० जानेवारी १९७४ ला परळला आला. वरून दगडी पाटा पडला. भागवत जाधव शहीद झाला.

पाटा! मसाला वाटायचा. गिरणगावात घरोघरी असायचा, तसा आपल्याही घरात. दोस्तहो, मग मी दगड उचलू तो कुणाच्या घरावर?

याला म्हणे दंगल म्हणायचं. या एका शब्दात मारणारा न् मरणारा सारखेच गुन्हेगार ठरतात. चीड येते, हात शिवशिवतात. पण १९२७ साली महाडात आपली माणसं रक्तबंबाळ झाली, तरी बाबासाहेबांनी त्यांना थोपवलं. भिऊन नव्हे. सुडात पाण्याचा हक्क बुडाला असता.

पाट्याला पाटा हाणणं सोपं. पण मग ‘दंगल’ हा शब्द आपणच खरा करू. भागवतसाठी न्याय मागायला तोंड कुठलं उरेल?