ज्याचा वेग, त्याची जबाबदारी

वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावर कॉल्विन बे, रिल, प्रेस्टॅटिन ही गावे समुद्राला खेटून वसली आहेत. रेडिंगहून होलीहेडला जाणारा राष्ट्रीय सायकलमार्ग क्रमांक ५ इथे बराचसा किनाऱ्याच्या कडेने जातो आणि २०१२ साली खुली झालेली, सुमारे १,४०० किलोमीटर लांबीची पायी किनारवाटही अनेक ठिकाणी त्याच पट्ट्यावरून जाते. रिलच्या बंदराच्या तोंडाशी २०१३ मध्ये बांधलेला पूलही पादचारी आणि सायकलस्वार या दोघांसाठीच आहे. म्हणजे काठी टेकत चालणारे आजोबा, बाबागाडी ढकलणारी आई आणि ताशी पंचवीस किलोमीटरने येणारा सायकलस्वार, सगळे एकाच वाटेवर. वाट सगळ्यांची आहे, मग जपून वागण्याचे ओझेही सगळ्यांवर सारखेच का? माझ्या मते नाही. ज्याच्या हातून अधिक इजा होऊ शकते, त्यानेच ते अधिक उचलले पाहिजे.

साधा हिशेब मांडू. पादचारी ताशी पाच किलोमीटरने चालतो. मागून पंचवीसच्या वेगाने येणाऱ्याने दहा मीटरवरून घंटी वाजवली, तर चालणाऱ्याला दोन सेकंदही मिळत नाहीत. तेवढ्यात आवाज ओळखायचा, दिशा ठरवायची आणि मुलाचा हात धरून बाजूला व्हायचे. ज्याला ऐकूच येत नाही, त्याला तर तेवढेही नाही. सायकलचा वेग बारावर आला की हाच अवधी पाच सेकंदांचा होतो. याची किंमत किती? गर्दीच्या दोन किलोमीटरना जेमतेम पाच मिनिटे जास्त. एकाची पाच मिनिटे आणि दुसऱ्याचे मोडलेले हाड यांत कोणते पारडे जड, हे सांगावे लागू नये.

ब्रिटनच्या वाहतूक संहितेने २९ जानेवारी २०२२ पासून हेच तत्त्व स्पष्ट केले: सर्वाधिक हानी करू शकणाऱ्यावर धोका कमी करण्याची सर्वाधिक जबाबदारी. रस्त्यावर सायकलस्वार याच तत्त्वाचा आधार घेतो आणि तो योग्यच आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये वेल्सने वस्तीतल्या रस्त्यांची सर्वसाधारण वेगमर्यादा ताशी ३० मैलांवरून २० वर आणली. त्याविरुद्ध साडेचार लाखांहून अधिक सह्या झाल्या, तरी दुबळ्याचा जीव आधी हा त्यामागचा युक्तिवाद खोटा ठरला नाही. मोटारवाल्याकडून जे हक्काने मागायचे, ते किनारवाटेवर पादचाऱ्याला नाकारायचे, ही न्यायाची मागणी नव्हे, सोय झाली.

यावर म्हटले जाईल की पादचारी तरी कुठे शहाणे असतात? कानात इअरफोन, नजर मोबाइलवर, कुत्रा मोकाट. तक्रार खरी आहे. सामायिक वाटेवर कुत्र्याची दोरी आखूड धरा, असे ती संहिताच सांगते. पण दुसऱ्याच्या बेफिकिरीने आपले कर्तव्य हलके होत नाही. लहान मूल मधेच पळणार हे ठाऊक असूनही वेग न आवरणाऱ्याला त्या मुलाच्या पळण्याची सबब सांगता येत नाही. दुसरा आक्षेप असा की वाटा वेगळ्याच करा. जागा असेल तिथे जरूर कराव्यात. पण समुद्राची भिंत आणि रेल्वे, घरे, रस्ता यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत तेवढी रुंदी सर्वत्र कुठून आणायची?

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: रोज कामावर जाणाऱ्याने असा वेग आवरला, तर त्याला मोटारींच्या रस्त्यावर जीव मुठीत धरून जावे लागेल. त्याची अडचण खरी आहे, पण तिचा देणेकरी पादचारी नव्हे. सुरक्षित रस्ता मागायचा तो रस्ते बांधणाऱ्या सरकारकडे. ती मागणी पुरी होईपर्यंत त्याची भरपाई काठी टेकत चालणाऱ्याच्या जिवातून वसूल करण्याचा अधिकार कोणालाच नाही. म्हणून अशा वाटेवर वेग आवरणे हा सायकलस्वाराचा मोठेपणा मानू नये. ते पादचाऱ्याचे देणे आहे, आणि देणे फेडल्याबद्दल कोणी आभाराची अपेक्षा ठेवत नाही.