उकिरड्यातले नाणे कोणाचे?



गेल्या उन्हाळ्यात आम्ही आंधळगावला आप्तांकडे गेलो होतो. गाव विणकरांचे, कोशाच्या साड्यांचे. गावाबाहेरच्या जुन्या उकिरड्यावर शहरातून आलेला एक तरुण कानाला हेडफोन लावून धातू शोधण्याचे यंत्र फिरवीत होता. भोवती मुलांचा घोळका. यंत्र वाजले की तो खुरप्याने उकरी. निघत होते ते बहुधा खिळे, पत्र्याचे तुकडे, बाटल्यांची बुचे. यंत्राला कचरा वगळायला सांगता येते, असे त्याने आम्हांला समजावले. पण चंदेरी कागद वगळला तर बारीक सोनेही निसटते, कारण यंत्राला दोघांचा आवाज सारखाच ऐकू येतो. म्हणून खरा शोधणारा कचराही उकरतो. हे आम्हांला आवडले.

दुपारपर्यंत त्याला एक भोकाचा पैसा मिळाला. महायुद्धात तांबे वाचवण्यासाठी १९४३ पासून निघालेला तो पैसा आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी करगोट्यात ओवलेला पाहिला असेल. आणि मिळाले चांदीचे एक जोडवे. ते पाहून एक म्हातारी पुढे आली. "माह्या सासूचं असन बाबू. हरवलं तं लय रडली होती." पोरे हसली. तरुण म्हणाला, "आजी, उकिरड्यातलं कुणाचंच नसतं."

तिच्याकडे पुरावा नव्हता. तरीही त्याचे उत्तर आम्हांला पटले नाही. उकिरड्यावर टाकलेले असते तसे सांडलेलेही असते. लूकच्या शुभवर्तमानातली ती बाई आठवा. दहा नाण्यांपैकी एक हरवले म्हणून तिने दिवा लावून घर झाडून काढले. झाडताना ते दिसलेच नसते तर केरात मिसळून उकिरड्यावर गेले असते. म्हणून ते तिचे राहिले नसते काय? आणि सापडल्यावर तिने पहिली गोष्ट केली ती शेजारणींना बोलावण्याची.

यावर कोणी मत्तयमधला दृष्टान्त पुढे करील. शेतात लपलेली ठेव सापडली तेव्हा त्या माणसाने ती पुन्हा लपवलीच की! खरे आहे. मालकाला त्याने सांगितले का, हा प्रश्न आम्हांलाही छळतो. प्रभू तिथे व्यवहाराचा धडा देत नाही, स्वर्गराज्याची किंमत सांगतो. पण ठेव खिशात घालून तो माणूस निघून गेला नाही, हेही पाहावे. सर्वस्व विकून त्याने आधी शेत घेतले.

आपल्याकडे १८७८ चा गुप्तधनाचा कायदा आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. लपवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मात्र मालक कोणीच नाही असे ठरले आणि सरकारने ते धन स्वतः घेतले नाही, तर सर्वसाधारणपणे शोधणाऱ्याला तीन चतुर्थांश मिळते नि जमीनमालकाला एक चतुर्थांश. म्हणजे इंग्रजांच्या कायद्यानेही शोधणाऱ्याचा घाम ओळखला. या तरुणानेही उन्हात घाम गाळला होता, हे नाकारून चालणार नाही. तो नसता तर जोडवे मातीतच राहिले असते.

पण आधी सांगायचे, मग वाटायचे. याचे कारण तऱ्हाळ्याने दाखवले. तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातल्या या गावी १९३९ मध्ये सातवाहनांची सुमारे १६०० नाणी एकत्र मिळाली. सोने नाही, चांदी नाही, हलक्या मिश्रधातूची. वितळवली असती तर पितळेची एक घागरही धड झाली नसती. पण ती एकत्र राहिली, वासुदेव विष्णु मिराशींनी ती वाचली आणि पुराणांच्या यादीत नसलेल्या राजांची नावे उजेडात आली. आपल्याच जिल्ह्यात पवनीला १९६९-७० मध्ये उत्खनन झाले, तेव्हा कोणती वस्तू कोणत्या थरात होती हे लिहून ठेवले गेले. खुरप्याने उपटलेल्या नाण्याचा थर कोण सांगणार? आपल्या गावच्या आजोबा-पणजोबांची ओळख अशी एकेका खिशातून निघून जाते.

संध्याकाळी तरुणाने भोकाचा पैसा मुलांना देऊन टाकला. जोडवे घेऊन तो गेला. आम्हीही तेव्हा त्याला काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ती म्हातारी उकिरड्यावर दिसली. गुरांचा पाय अडकू नये म्हणून एकेका खड्ड्यात पायाने माती लोटत होती. मधूनच वाकून मूठभर माती उचले, चाळून पाही. जोडवी दोन असतात.