भीड आणि भूक

परक्या घरी राहावयास गेलेल्या माणसाने आपली गरज कितपत बोलून दाखवावी, हा प्रश्न वरवर शिष्टाचाराचा वाटतो. पण मुळात तो नीतीचा आहे. परदेशी शिकावयास गेलेला विद्यार्थी एखाद्या अनोळखी कुटुंबात पहिल्या दिवशी जेवावयास बसतो, तेव्हा या प्रश्नाला बगल देता येत नाही. पोट भरलेले नाही. आणखी मागावे, की ‘पुरे’ म्हणून हसून उठावे?

१८८८ साली गांधीजी लंडनला गेले, तेव्हा ते जेमतेम १९ वर्षांचे होते. इंग्रजांची राहणी शिकावयाची तर हॉटेलात न राहता एखाद्या कुटुंबात राहा, असा सल्ला डॉ. प्राणजीवन मेहता यांनी त्यांना दिला. काही काळ रिचमंडला एका मित्राकडे काढून ते वेस्ट केन्सिंग्टनमध्ये एका विधवा बाईंच्या घरी राहू लागले. मांसाहार न करण्याचे व्रत त्यांनी बाईंना सांगितले, आणि बाईंनीही काळजी घेण्याचे कबूल केले. तरी ते अर्धपोटीच राहिले. बाईंच्या दोन मुली पावाचे एखाद-दोन तुकडे आग्रहाने अधिक वाढीत. पण सबंध पावाखेरीज या पाहुण्याची भूक भागणार नाही, हे त्या बिचाऱ्यांना कळावे कसे?

आत्मकथेतील हा भाग आपण व्रतनिष्ठेचा दाखला म्हणून वाचतो. मला मात्र त्यात एक वेगळीच गोष्ट जाणवते. व्रत सांगितले गेले, भूक सांगितली गेली नाही. तत्त्व सांगताना माणसाची मान ताठ असते. गरज सांगताना ती खाली जाते.

आपल्याकडे या मौनाला सद्गुणाचा मान आहे. वार लावून जेवणाऱ्या आणि माधुकरी मागणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या महाराष्ट्रात शिकून मोठ्या झाल्या. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी; पानात पडेल ते मुकाट्याने खावयाचे, ‘आणखी’ हा शब्द काढावयाचा नाही, हे त्यांचे वळण. त्या मौनात स्वाभिमान होता, हे कोण नाकारील? पण आपल्याच भाषेने त्यावर शेराही मारून ठेवला आहे: भीड भिकेची बहीण.

या मौनाची दुसरी बाजू यजमानाची आहे. त्याने दार उघडले, जागा दिली, आपल्या पंगतीस बसविले. पाहुणा न बोलता उपाशी राहिला, तर त्या आतिथ्यात यजमानाच्या नकळत उणेपणा येतो, आणि तो भरून काढण्याची संधीही त्याला मिळत नाही. पुढे तोच पाहुणा मायदेशी परतून ‘तिकडे माझी आबाळ झाली’ असे म्हणू लागला, तर आरोप न ऐकविताच शिक्षा सुनावल्यासारखे ते होईल. म्हणून गरज सांगणे हा पाहुण्याचा केवळ हक्क नव्हे; ते यजमानाचे देणे आहे. मात्र गरज आणि सवय यांतील भेद त्याने मनाशी नीट ठरवावा. पोटभर अन्न मागावे. आपले घर तेथे मागू नये.

ही गोष्ट अवघड आहे, अशक्य नाही. टपाल खात्यातील नोकरीमुळे बंगालात राहणारे गोपाळराव जोशी आपल्या वाचकांना परके वाटू नयेत. त्यांच्या पत्नी आनंदीबाई १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. वय १८ वर्षांचे. पती बरोबर नाही. न्यूजर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर त्यांना न्यावयास बंदरावर आल्या होत्या. दोघींनी एकमेकींना पूर्वी कधी पाहिले नव्हते. पण कित्येक महिन्यांचा पत्रव्यवहार झालेला होता. त्या पत्रांत आनंदीबाईंनी आपले धर्माचार सांगितले, तसे आपले दुखणेही सांगितले, आणि कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे पाठविली. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे श्रीरामपूरच्या सभेत ठणकावणाऱ्या या मुलीला परक्या बाईपाशी ‘मला बरे वाटत नाही’ असे म्हणण्यात कमीपणा वाटला नाही. तिच्या निश्चयाइतकेच हे धैर्य मला मोलाचे वाटते. रोझेलच्या घरातला तिचा पहिला दिवस त्या कागदांवर आधीच सुरू झाला होता.

१८८६ साली वैद्यकीची पदवी घेऊन त्या मायदेशी आल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात निवर्तल्या. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली, आणि बाईंनी ती न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे आपल्या कुटुंबीयांच्या स्मशानभूमीत ठेवली.

आपण स्वतः बदलीच्या गावी परक्यांच्या शेजाराने राहतो, आणि आता आपली मुले त्याहून दूर जातात. त्यांच्या सामानात आपण लोणच्याची बरणी आठवणीने बांधतो. ‘तिथे नीट वाग’ असेही बजावतो. त्या बजावण्यात आणखी एक वाक्य असावे: भूक लागली तर सांग; ते लोक तू सांगण्याचीच वाट पाहत असतील.