शैवालाच्या आतली बुरशी

ओहोटीच्या वेळी मालवणच्या कातळावर तपकिरी सरगॅसम उघडं पडतं. पायाखाली निसरडं लागतं म्हणून आपण ते टाळून चालतो. त्या शैवालाच्या आत बुरशी राहते आणि शैवाल तरीही निरोगी असतं. तिला पाहायचं तर शैवालाचा तुकडा वरचे जंतू मरतील अशा द्रावणात धुऊन, कापून अगार या जेलीसारख्या माध्यमावर ठेवतात. मग काही दिवसांनी कापलेल्या कडेतून तिचे धागे बाहेर येतात.

खारं पाणी, रोज तळपतं ऊन आणि जीवाणूंचा वेढा अशा ठिकाणी टिकायचं, तर बुरशीला नाना तऱ्हेची रसायनं घडवावी लागतात. अशा काही बुरशींचे अर्क पिठूळ अन्नाची साखर करणाऱ्या एन्झाइमांना परीक्षानळीत रोखतात. मधुमेहात भाताच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायची अकार्बोजची गोळी हेच काम करते, आणि तीही एका मातीतल्या जीवाणूकडूनच मिळाली. म्हणून शैवालातल्या बुरशीतून मधुमेहावर औषध मिळेल ही आशा मला पोकळ वाटत नाही.

पण परीक्षानळीपासून गोळीपर्यंतची वाट फार लांब असते. १९९९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोध प्रसिद्ध झाला. काँगोतल्या किन्शासाजवळ एका झाडाच्या पानात राहणाऱ्या बुरशीपासून असा रेणू मिळाला, की तो तोंडावाटे दिल्यावर मधुमेही उंदरांची साखर उतरली. इन्सुलिन पोटात पचून जातं, म्हणून ते टोचून घ्यावं लागतं. हा रेणू मात्र पोटातून जाऊन इन्सुलिनचंच काम करत होता. केवढी मोठी गोष्ट! तरी आज पंचवीसहून अधिक वर्षांनी त्याची गोळी कुठल्याही औषधाच्या दुकानात नाही. उंदरात जे साधलं ते माणसात सुरक्षितपणे साधेलच असं नसतं. शैवालातल्या बुरशीला तर अजून बरंच चालायचं आहे.

आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. इतक्या घरांत ही आशा पोचते तेव्हा तिचा बाजार व्हायला वेळ लागत नाही. तेव्हा ‘समुद्री शैवालाने शुगर बरी’ असा संदेश फोनवर आला, तर तो पुढे पाठवू नका आणि त्याच्या भरवशावर चालू असलेली गोळी किंवा इन्सुलिन बंद करू नका. काही बदल करायचा असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.